पाठमोरा

मिरज जंक्शनवर टांग्यात बसताना
शांतवन आवळे पुढची जागा कधी घेत नसे.
मागं बसायचा, पाय फळीला टेकवून,
स्टेशन लहान लहान होत जाताना बघत.
दस्तगीर टांगेवाला म्हणायचा, "पैलवान, गाव इकडं आहे."
"असू दे की. तू बघतोयस ना."

आमचं दुकान किल्ल्याच्या खंदकाकडं.
समोरच्या ओट्यावर सतारीचे भोपळे वाळत,
अलीकडं आमचं कातडं.
मी ब्लॅडर फुगवायचो, गाल दुखेपर्यंत.
शनिवारी तो यायचा बुटांना ठोकळे मारून घ्यायला
आणि बाप दाभण बाजूला ठेवून म्हणायचा,
विमानातलं सांग.

काही नाही त्यात, म्हणत तो सांगायचा.
विमानाचं इंग्रजी नाव, त्याचा अर्थ सूड.
ह्याचं नाव शांतवन, पाद्रीबाबांनी ठेवलेलं.
चव्वेचाळीस साली आराकानच्या रानावर
दोन्ही नावं एकदम उडत होती.
पायलटचं तोंड पुढं, ह्याचं मागं,
सात महिने पाठीला पाठ
आणि कानात तेवढा एक आवाज:
डावीकडं. आता. सांभाळ.
विमान नाक खाली करून सुटलं
की पायलटला जमीन वर येताना दिसायची.
ह्याला नुसतं आभाळ,
विहिरीत पडणाऱ्याला दिसावं तसं.

"गोळ्या किती मारल्या?" मी विचारलं.
बापानं टपली दिली.
तो म्हणाला, मोजायला दुसरा माणूस होता.

लढाई संपली, हा रेल्वेच्या टीमकडून खेळू लागला,
तिथनं कलकत्त्याच्या एका क्लबानं उचलला.
खेळायचे पैसे, पाकिटात घालून!
आई मिशन हॉस्पिटलात चादरी धुवायची.
पहिली मनीऑर्डर आली तेव्हा
हंबरडाच फोडला तिनं:
एवढे पैसे सरकार
मेलेल्याचेच देतं.

पेपरातला फोटो बापानं रांपीनं कापून ठेवला होता.
त्यात गोलाकडं ह्याची पाठ,
टाच मागं उचललेली,
आणि चेंडू जाळ्यात जाऊन बसलेला.
तिकडचे लोक म्हणत, ह्याला मागं डोळे आहेत.
डोळे कुठले. कान होते.
लेफ्ट-इन खेळणाऱ्याला त्यानं बजावलं होतं,
माझ्याकडं बघू नकोस, हाक मार.

मग एक मॅच. फायनल होती म्हणे.
माणसं झाडांवर, छपरांवर,
सगळी ह्याच्याच नावानं ओरडतायत
आणि त्यात ती एक हाक येईना.
हा मैदानाच्या मधोमध उभा राहिला.
चेंडू जवळून गेला. परत एकदा गेला.
पुढच्या आठवड्यात पत्र्याची ट्रंक घेऊन
मिरजेला उतरला, टांग्यात मागं बसला.

का आलास, हे गावानं विचारून झालं.
गुडघा, म्हणायचा. कधी म्हणायचा, तिकडचं पाणी.
बापाला मात्र एकदा, बुटाची नाडी ओवता ओवता,
सांगून गेला:
"परत येताना कानातला आवाज थांबला.
विमान उतरलं, अगदी नीट. चाकं टेकली.
मी वळलो नाही.
पट्टे सोडले, खाली उतरलो, चालत पुढं गेलो,
मग बघितलं.
सात महिन्यांत त्याचा चेहरा
इतका वेळ कधी बघितला नव्हता."
बापानं त्या दिवशी ठोकळ्यांचे पैसे घेतले नाहीत.
त्यानं ते भोपळ्यांच्या ओट्यावर ठेवले नि गेला.

संध्याकाळी मिशनच्या मैदानावर
तो आम्हा पोरांना शिकवायचा. मी गोलात.
दिवेलागण व्हायची, चेंडू दिसायचा बंद व्हायचा,
तरी म्हणायचा, खेळा.
माझ्याकडं पाठ करून उभा राहायचा, अगदी जवळ,
शर्टाला घामाचा आणि निलगिरीच्या तेलाचा वास.
"तू बोलत राहा रे. थांबू नकोस."
मग मी ओरडायचो, दिसत काहीच नसताना,
डावीकडं! आता! सांभाळ!
घसा बसेपर्यंत,
बाप दुकानाला कुलूप घालून
कंदील घेऊन शोधत येईपर्यंत.